गाडी कुठे बांधलीस? : पुणे ते शिरोडा, तंबू घेऊन सात दिवस

बाबांची स्प्लेंडर २०२१ च्या पावसाळ्यात आमच्या इमारतीच्या फाटकाबाहेरून गेली. रात्री अकराला होती, सकाळी सहाला तिथे फक्त तेलाचा डाग होता. हँडल लॉक लावलेलं होतं. आरसी बुक, विम्याचा कागद, पीयूसी हे सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून साइड पॅनलच्या आत ठेवलेलं, म्हणजे गाडीबरोबरच गेलं. चौकीत चासी नंबर विचारला तर तो आम्हा दोघांनाही सांगता येईना. विमा थर्ड पार्टी होता आणि त्यात चोरीचा एक पैसाही मिळत नाही, हेही त्याच दिवशी कळलं. काही महिन्यांनी ‘अ समरी’चा कागद हातात आला. अर्थ असा, की गुन्हा खरा आहे पण तपास लागला नाही. सिग्नलला शेजारी काळी स्प्लेंडर उभी राहिली की बाबा अजून मान वाकवून तिचा नंबर वाचतात.

त्यामुळे या जानेवारीत मी माझी हिमालयन मोटरसायकल घेऊन, तंबू बांधून, एकटाच कोकण किनाऱ्यानं जाणार म्हटल्यावर बाबांनी जेवणाखाण्याचं काही विचारलं नाही. “रात्री गाडी कुठे बांधणार?” एवढंच विचारलं. आमचं गाव फलटणकडचं, बाबांचं लहानपण बैलांत गेलं. त्यांच्या तोंडी गाडी ‘लावत’ नाहीत, ‘बांधतात’.

प्रश्न रास्त होता. हॉटेलात उतरलं की फाटक असतं, वॉचमन असतो. तंबूत तुमच्यात आणि बाहेरच्यात कापडाचा एक पदर असतो, आणि आंघोळीला, समुद्रावर, किल्ल्यावर जाताना सगळा संसार गाडीवर लादलेला असतो. म्हणून निघण्याआधीचे दोन रविवार मी याच कामाला दिले.

दहा मिलिमीटर जाडीची पोलादी साखळी घेतली, कुलपासह साडेतीन किलोच्या आसपास. इतकं वजन का वाहायचं, असं मित्रांनी विचारलं. हँडल लॉक एका जोरदार हिसक्यानं तुटतं. डिस्क लॉकनं, म्हणजे ब्रेकच्या चकतीला लावायच्या कुलपानं, चाक फिरत नाही हे खरं, पण गाडी उचलून टेम्पोत टाकायला चाक फिरावं लागत नाही. दोनशे किलोची गाडी चार जण सहज उचलतात. साखळी गाडीला जमिनीतल्या एखाद्या न हलणाऱ्या वस्तूशी जोडते, तिचा उपयोग तो. बाबांनी ती हातात तोलून पाहिली आणि म्हणाले, “हे दावं बरंय. पण खुंटा कुठनं आणशील?”

बाकी तयारी अशी होती : अलार्म असलेलं डिस्क लॉक, हेल्मेटसाठी पातळ केबल, राखाडी रंगाचं साधं कव्हर, आणि आमच्या मेकॅनिकनं फ्युएल पंपाच्या वायरीत बसवलेला एक छुपा स्विच. तो बंद असला की स्टार्टर फिरतो पण गाडी पेटत नाही. कागद सगळे डिजिलॉकरमध्ये घातले, ते तपासणीत ग्राह्य धरतात, त्यामुळे मूळ आरसी घरीच राहिली. चासी आणि इंजिन नंबरांचे, गाडीच्या चारी बाजूंचे आणि टाकीवरच्या एका ओरखड्याचे फोटो काढून बाबांच्या फोनवर पाठवले. विमा या वेळी संपूर्ण संरक्षणाचा. चोरी झाली तर विमा कंपनी गाडीच्या दोन्ही मूळ चाव्या मागते, म्हणून दुसरी चावी बरोबर न नेता घरच्या कपाटात ठेवली.

दिवस पहिला : पुणे – ताम्हिणी – दिवेआगर

पहाटे साडेपाचला निघालो. ताम्हिणीत दाट धुकं आणि बोटं गोठवणारी थंडी होती. माणगावला मिसळ खाल्ली, म्हसळ्यावरून दुपारी एकच्या सुमारास दिवेआगर.

सुरूच्या बनात तंबू ठोकायचा मोह प्रत्येकाला होतो. मी तो टाळतो. बरीचशी बनं वनखात्याची आहेत, आणि संध्याकाळनंतर तिथे गाडीकडे लक्ष ठेवायला चिटपाखरू नसतं. त्याऐवजी गावात शिरून ज्याच्या अंगणात माणसं दिसतील त्या वाडीत विचारायचं. दुसऱ्याच घरी होकार मिळाला. पोफळीच्या वाडीतली मोकळी जागा, विहिरीचं पाणी, रात्रीचं जेवण, सगळं मिळून सातशे रुपये.

गाडी पोफळीला बांधायला गेलो तर घरचे आजोबा काठी टेकत आले. “तिला नको हो बांधू. खोड मऊ असतं, साखळीनं साल सोलवटते.” त्यांनी गोठ्याचा जुना चिऱ्याचा खांब दाखवला आणि सायकलची एक फाटकी ट्यूब आणून दिली. ती साखळीवर मोज्यासारखी चढवली. आता खांबालाही ओरखडा नाही आणि गाडीच्या रंगालाही नाही. अंधारात खळखळाटही होत नाही. सातही दिवस ती ट्यूब साखळीवर राहिली.

साखळी कशी घालायची तेही इथेच सांगतो. पुढच्या चाकातून घालू नये, पुढचं चाक थोडे बोल्ट सोडले की निघतं. मागच्या चाकातून आणि चासीच्या सांगाड्यातून फिरवून मग खांबाला. आणि ती ताणून, जमिनीपासून वर ठेवायची. जमिनीवर लोळणाऱ्या साखळीवर बोल्ट कटरचा एक दांडा भुईला टेकवून दुसऱ्यावर अख्ख्या अंगाचा भार देता येतो, किंवा दगडावर ठेवून घणाचे घाव घालता येतात. अधांतरी साखळीवर हा जोर लागत नाही.

संध्याकाळी पोपटी लावली होती. वालाच्या शेंगा, कांदे, बटाटे, अंडी, ओवा आणि जाडं मीठ मडक्यात भरून, तळाला आणि तोंडाला भांबुर्ड्याचा पाला दाबून, मडकं उपडं घालून भोवती पाचोळा पेटवायचा. वासानं शेजारची चार घरं गोळा झाली. जानेवारीत रायगडात असाल तर पोपटी न खाता परतू नका.

शेकोटीपाशी विषय आपोआप चोरीवर आला. दिवेआगरचा सोन्याचा गणपती १९९७ साली एका वाडीत जमिनीखाली पेटीत सापडला. त्यानं गाव नावारूपाला आलं. २०१२ च्या मार्चमध्ये तो मुखवटा चोरीला गेला आणि देवळाचे दोन रखवालदार मारले गेले. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “सोनं गेलं ते गेलं हो. माणसं गेली.” त्यानंतर त्यांनी उठून माझ्या गाडीची साखळी एकदा हलवून बघितली आणि झोपायला गेले.

दिवस दुसरा : दिवेआगर – श्रीवर्धन – केळशी

आरावी-शेखाडीवरून श्रीवर्धनला जाणारा रस्ता पूर्ण वेळ समुद्राला धरून आहे. मी तिथे पाच ठिकाणी थांबलो आणि पाचही ठिकाणी गाडी नजरेसमोर होती. हरिहरेश्वराला मात्र प्रदक्षिणेची वाट खडकांतून समुद्राकाठानं फिरते आणि गाडी दिसेनाशी होते. तिथे प्रसादाच्या दुकानाशेजारी गाडी उभी केली, नारळ घेतला आणि दुकानातल्या ताईंना सरळ म्हटलं, “ताई, अर्ध्या तासात येतो. गाडीवर सामान आहे, जरा नजर असू द्या.” त्यांनी त्यांचं स्टूलच गाडीच्या बाजूला सरकवलं. परत आलो तेव्हा एक मुलगा गाडीवर बसून फोटो काढायला निघाला होता आणि त्या त्याला दटावत होत्या.

बागमांडला ते वेसवी जेट्टीनं, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीनं, पाच-दहा मिनिटांत सावित्रीची खाडी पार. जेट्टीवर गाडी गिअरमध्ये टाकून शेजारीच उभं राहायचं, वर सज्जात जायचं नाही. गाडी आडवी होण्याचा धोका चोरीपेक्षा मोठा असतो.

केळशीला एका काकूंकडे अंगणात तंबू लागला. किनारा तिथून चारशे पावलांवर. गाडी वाळूत तंबूशेजारी नेली म्हणजे डोळ्यांसमोर राहते, असं वाटणाऱ्यांसाठी लिहितो. वेळास, केळशी, आंजर्ले हा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा पट्टा आहे. हिवाळ्यात माद्या वाळूत अंडी घालतात. टायरखाली काय चिरडलं जातंय ते वरून कळत नाही. शिवाय भरतीचं पाणी रात्री तंबूपर्यंत येतं, आणि खाऱ्या पाण्यानं गाडीची जी वाट लागते ती चोरानं केलेल्या नुकसानाहून कमी नसते. गाडी गावात, आपण किनाऱ्यावर, हेच बरं.

काकूंनी तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी आणि तव्यावरची सुरमई वाढली. जेवताना बाबांचा फोन आला. “कुठे बांधलीस?” मी फोन स्पीकरवर टाकला. काकू पोळपाटावरून मान वर न करता म्हणाल्या, “पडवीत बांधलीय हो, आमच्या गाईशेजारी. तुम्ही निवांत झोपा.” पलीकडून बाबा पहिल्यांदाच मोकळं हसले. मग दोघं दहा मिनिटं गाईच्या दुधावर बोलत होते आणि माझी सुरमई गार झाली.

दिवस तिसरा : केळशी – हर्णै – दाभोळ – वेळणेश्वर

हर्णैच्या बंदरावर सकाळचा लिलाव बघितला. कोळंबी, बांगडे, सुरमया, ओल्या वाळूवर मांडलेले वाटे आणि दोन बोटांच्या खुणेवर चाललेले भाव. तिथल्या एका दुकानातून तीस रुपयांचा तंगूस घेतला, म्हणजे मासेमारीची नायलॉनची दोरी. कशासाठी ते पुढे येईलच.

दाभोळ ते धोपावे जेट्टी २००३ पासून चालू आहे. तिच्यामुळे गुहागरला जायला चिपळूणचा वळसा घ्यावा लागत नाही. गुहागरात व्याडेश्वराचं दर्शन, खानावळीत सोलकढीचे तीन पेले, आणि चारला वेळणेश्वर. नारळांच्या रांगेमागून अर्धचंद्रासारखा किनारा उघडतो तो क्षण मी आयुष्यभर विसरणार नाही.

वाळूमिश्रित मोकळ्या जागेत गाडी उभी करून तंबू काढत होतो तर मागे धप्प आवाज झाला. साइड स्टँड वाळूत रुतून गाडी आडवी झाली होती. डिस्क लॉक लावलेलं असल्यामुळे चाक फिरेना आणि उचलताना घाम फुटला. दोन पोरं धावत आली म्हणून उभी राहिली. तेव्हापासून चिऱ्याचा एक चपटा तुकडा सामानात ठेवला आहे, स्टँडखाली आधी तो, मग कुलूप. क्लचची दांडी थोडी वाकली, बाकी काही झालं नाही.

दिवस चौथा : वेळणेश्वर – जयगड – आंबोळगड

सकाळी डिस्क लॉकची चावी फिरेना. जोर लावला तर चावी वाकायला लागली. आदल्या दिवशी गाडी पडली तेव्हा कुलपात वाळू गेली होती आणि रात्रभराच्या खाऱ्या हवेनं आणि दवानं उरलेलं काम केलं होतं. पुढचं चाक अडकलेलं, गावात गॅरेज नाही, नऊची तवसाळची जेट्टी चुकणार हे उघड होतं. स्वतःच्याच कुलपानं माझी गाडी माझ्यापासून बंद केली होती. मला रडू यायचंच बाकी होतं.

होडीचं इंजिन दुरुस्त करणारे एक मामा बोलावल्यावर आले. त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते, “जोर लावू नकोस, चावी तुटली तर करवत लागेल.” मी तेलाची कुपी पुढे केली तर ती बाजूला ठेवली. तेल घातलं तर वाळूचा लगदा होतो म्हणाले. विहिरीचं गोडं पाणी बाटलीत घेऊन झाकणाला भोक पाडलं आणि कुलपाच्या तोंडात पिचकारी मारत राहिले, चांगली पंधरा मिनिटं. मीठ विरघळतं आणि वाळू वाहून येते. आधी तांबूस पाणी आलं, मग मातकट, मग स्वच्छ. मग फुंकर, उन्हात दहा मिनिटं, आणि डिझेलचे चार थेंब. शेवटी त्यांनी नातवाच्या कंपासमधली पेन्सिल मागवली, ब्लेडनं शिसं खरवडून काळी पूड केली, चावीवर बोटानं चोळली आणि चावी आत-बाहेर, आत-बाहेर करत राहिले. सातव्या-आठव्या वेळी ‘टक्’ असा आवाज आला.

पैसे घेतले नाहीत. नातवाला नवी पेन्सिल घेऊन द्यायला लावली.

समुद्रकाठी कुलपं वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं : कुलपाचं तोंड नेहमी खाली, वर प्लॅस्टिकची पिशवी रबरबँडनं, रोज सकाळी गोड्या पाण्यानं धुणं, आणि आत तेलाऐवजी शिसपेन्सिलीची पूड. कुलपाच्या दोन्ही चाव्या एकाच जुडग्यात ठेवू नयेत. माझी दुसरी जॅकेटच्या अस्तरात शिवलेली आहे.

साडेअकराच्या जेट्टीनं जयगड. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक, गणपतीपुळ्याला मोदक, आरे-वारेचा घाट, रत्नागिरी, पावस असं पळत पळत सूर्य बुडताना आंबोळगडला पोचलो. जांभ्याचा उघडा सडा, खाली समुद्र, मागे हापूसच्या बागा आणि त्यांना फुटलेला मोहोर. हवेत मोहोराचा वास आणि मीठ एकत्र होतं.

परवानगी मिळालेल्या जागेवर आधीच एक तंबू होता. कोल्हापूरचं जोडपं, निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या सौ., बुलेटवर. सड्यावर खांब नाही की झाड नाही. सर म्हणाले, “आवो, दोन गाड्या एकमेकींनाच बांधू की.” माझं मागचं चाक आणि त्यांचं पुढचं चाक उलट तोंडांनी जवळ आणून, दोन्ही सांगाड्यांतून माझी साखळी फिरवली. दोन गाड्या मिळून चारशे किलो, तोंडं उलट दिशांना. ढकलून नेणं अशक्य आणि उचलून नेणं त्याहून कठीण. सोबत कुणी गाडीवाला असेल तर खुंट्याचा प्रश्नच मिटतो. काकूंनी पिठलं रटरटत ठेवलं, मी भाकरीऐवजी रत्नागिरीहून आणलेले पाव काढले.

आता तंगूस. त्याचं एक टोक स्पोकला, दुसरं तंबूच्या आत स्टीलच्या पेल्याला, पेला ताटलीवर. अंधारात दोरी दिसत नाही. कुणी गाडीला हात घातला की पेला पडतो. डिस्क लॉकचा अलार्म वाऱ्यानंही वाजतो म्हणून उघड्यावर मी तो बंद ठेवतो, हा उपाय त्याच्यापेक्षा भरवशाचा.

रात्री दोनला पेला पडला.

छाती धडधडत होती. टॉर्च लावून बाहेर आलो तर समोरूनही टॉर्च. मफलर गुंडाळलेला एक माणूस, हातात काठी, पायाशी दोन कुत्री. सरही तंबूतून बाहेर आले होते. तो माणूसच आधी बोलला. “साब, ये गाडी आपका है? मैं सोचा चोर लोग का है.” बागेचा राखणदार होता, नेपाळी. रत्नागिरीतल्या आंबा बागांना हंगामात नेपाळहून राखणदार येतात. रात्री अनोळखी गाड्या दिसल्या म्हणून तो नंबर बघायला वाकला होता आणि तंगूसात त्याचा पाय अडकला. आम्ही त्याला चोर समजलो आणि त्यानं आम्हाला.

चूक आमची होती. जागेच्या मालकाला सांगितलं होतं, पण शेजारच्या बागेत सांगितलं नव्हतं. उजेड असतानाच आजूबाजूला फिरून “आम्ही इथे आहोत, ही गाडी आमची” असं सांगून ठेवलं असतं तर त्याला रात्री दोनला यावं लागलं नसतं. त्या दिवसापासून तंबू ठोकायच्या आधी मी हे करतो. कुलूप चोराचा वेळ खातं, पण मधल्या वेळात ओरडायला कुणीतरी लागतं, आणि गाडी कुणाची हे ठाऊक असल्याशिवाय कुणी ओरडत नाही.

नंतर रात्रभर तासातासानं त्याच्या काठीचा जांभ्यावर आपटण्याचा आवाज येत राहिला. आमच्या बाजूला फेरी वाढवली होती त्यानं. सकाळी काकूंनी त्याला चहा आणि कोल्हापूरहून आणलेली शंकरपाळी दिली. घरी दोन मुली आहेत, जूनमध्ये परत जाईन म्हणाला.

दिवस पाचवा : आंबोळगड – विजयदुर्ग – मालवण

जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर. रस्ता सुंदर, त्याबद्दल लिहीत बसत नाही. आज खरी अडचण मालवणात होती. सिंधुदुर्गावर होडीनं जावं लागतं, दोन-अडीच तास मोडतात, आणि गाडी सामानासकट धक्क्यावर राहते. एकट्या माणसाला यातून सुटका नाही.

मी धक्क्याजवळच्या खानावळीत आधी जेवलो. बांगड्याचं तिखलं आणि भात. मग मालकांना विचारून गाडी त्यांच्या मोरीशेजारी, भिंतीला लागून घेतली. साखळी खिडकीच्या लोखंडी गजातून, हेल्मेट केबलनं. हेल्मेट नुसतं हनुवटीच्या पट्ट्यानं अडकवू नये, पट्टा ब्लेडनं कापला जातो. केबल हनुवटीसमोरच्या कठीण भागातून घालावी. पैसे, फोन, कॅमेरा, औषधं छोट्या पिशवीत बरोबर. तंबू आणि स्लीपिंग बॅग राहिली, त्यावर राखाडी कव्हर. कव्हर कुणीही काढू शकतो, पण आत कुठली गाडी आहे आणि किती सामान आहे हे येताजाताना दिसत नाही, एवढ्यानंच बरंच काम होतं. गाडी थोडी घाणेरडी राहू द्यावी, त्याचाही उपयोग होतो.

महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं आणि तीन वर्षांत पुरं केलं. होडी अगदी जवळ येईपर्यंत दरवाजा दिसतच नाही, दोन बुरुजांच्या वळणात तो लपवलेला आहे. तिथे उभं राहून मी माझ्या छुप्या स्विचचा विचार केला आणि अंगावर शहारा आला. साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी समुद्रात बसून हाच विचार अख्ख्या किल्ल्यासाठी केला होता.

मुक्काम देवबागला, कर्लीच्या खाडीकाठी एका घराच्या मागच्या अंगणात. नारळाचं दणकट खोड दिसलं, मनात म्हटलं खुंटा मिळाला. साखळी काढतोय तोच घरातले तात्या ओरडले, “अरे थंय नको लावू रे! वर बघ. नारळ पडलो तर टाकीक पोचो येतलो, आणि तंबूवर पडलो तर तुका!” वर बघितलं तर पिकलेल्या नारळांचा घड बरोबर गाडीवर. त्यांनी काजूचं झाड दाखवलं. रात्री खरोखरच एक नारळ पडला, आवाजानं जाग आली. सकाळी त्याच नारळाचं खोबरं घावन्यांबरोबरच्या चटणीत होतं.

गाडीत मी एक जीपीएस ट्रॅकरही बसवला होता. त्याबद्दल प्रामाणिक मत असं, की तो असावा, पण विसंबू नये. त्याला सिमचं नेटवर्क लागतं, आणि आंबोळगडला तो सात तास गप्प होता. एअरटॅगला, म्हणजे ॲपलच्या माग काढणाऱ्या बिल्ल्याला, तर जवळून आयफोन जावा लागतो, सड्यावर तो कुठून येणार. चोराकडे आयफोन असेल तर त्यालाच सूचनाही जाते. शहरात ही साधनं चांगली, किनाऱ्यावर तात्या बरे.

दिवस सहावा : देवबाग – वेंगुर्ले – शिरोडा

छोटा दिवस. वेंगुर्ल्याच्या बाजारात अर्धा तास हिंडलो, मग शिरोड्याची मिठागरं. १९३० साली इथे मिठाचा सत्याग्रह झाला. मिठाच्या ढिगाशेजारी उभा राहून गाडीच्या नटांवरचा तांबेरा बघितला आणि पाणी मागून गाडी धुतली.

संध्याकाळी एका तरुणानं टपरीवर गाठलं. गाडी कितीची, ॲव्हरेज किती, एकटेच का, रात्री कुठे थांबणार. बहुतेक वेळा हे निव्वळ कौतुक असतं आणि मी मनापासून बोलतो. फक्त मुक्कामाची जागा अनोळखी माणसाला सांगत नाही आणि त्या दिवसाचे फोटो घरी पोचेपर्यंत कुठे टाकत नाही. त्याला म्हटलं, पुढे मित्र थांबलेत. खोटं बोलल्याचं वाईट वाटलं, कारण पोरगा चांगला होता, त्यानं चहाचे पैसे दिले.

गाडी गेलीच तर काय, याची उजळणी मी त्या रात्री पुन्हा केली. ११२ ला फोन. मग जे पोलीस ठाणे जवळ असेल तिथे तक्रार. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यानं हद्द कुठली हे न पाहता कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो. विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवायचं. चासी नंबर वहीत, फोनमध्ये आणि बाबांकडे. हे आम्हाला २०२१ मध्ये कुणी सांगितलं असतं तर निदान कागद तरी नीट झाले असते.

दिवस सातवा : शिरोडा – आंबोली – पुणे

आंबोलीत गारठा, निपाणीपासून हायवे, साताऱ्याजवळ ढाब्यावर गाडी खिडकीतून दिसेल असं टेबल धरून झुणका-भाकर. चारशे किलोमीटरच्या आसपास झाले आणि रात्री नऊला घर.

बाबा खाली पार्किंगमध्येच उभे होते. मी खांबाभोवती साखळी फिरवली, कुलूप लावलं. ट्यूबवर जांभ्याची लाल धूळ बसली होती. बाबांनी कुलपाचं तोंड खाली आहे का ते बघितलं, साखळी दोन्ही हातांनी ओढून पाहिली, आणि खिशातून बॉलपेन काढून भिंतीवरच्या मीटरच्या पेटीच्या आत, पावसाळ्यात गेलेल्या स्प्लेंडरच्या नंबराखाली, माझ्या गाडीचा चासी नंबर लिहिला.